तिसऱ्या अंकातलं थांबणं

बोर्ली पंचतनहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला रामभाऊंचं गाव. गावात देवीचं देऊळ, देवळापुढे पटांगण, आणि पटांगणात वर्षातून एकदा, माघातल्या उत्सवाला, नाटक. हे नाटक रामभाऊंनी समोरून कधीच पाहिलं नव्हतं. अडतीस वर्षं ते विंगेतल्या स्टुलावर बसून, मांडीवर वही आणि हातात बॅटरी घेऊन, ते वाचत आले होते. ते गावच्या नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर. त्यांनी दिलेलं वाक्य नटाच्या कानात बरोब्बर पडायचं आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचाला त्याचा पत्ताही लागायचा नाही.

"तीस वर्षं वाचनालयात काढली. कुजबुजण्याशिवाय दुसरं येतंय काय मला?" असं ते स्वतःच म्हणत. मनातून मात्र त्यांना या एका गोष्टीचा अभिमान होता. अभिमान बाळगावा असं दुसरंही काही आपल्यापाशी असेल, अशी शंका त्यांना कधी आली नाही.

प्रॉम्प्टरला मुख्य एक गोष्ट कळावी लागते. नट अडलाय की नुसता थांबलाय? थांबलेल्याला वाक्य दिलं तर तो चिडतो आणि अडलेल्याला नाही दिलं तर तो बुडतो. रामभाऊंना सगळ्यांच्या खुणा पाठ होत्या. निकेत अडला की मान खाजवायचा. सदा अडला की उपरणं सारखं करायचा. थांबला असला की त्याचे हात स्वस्थ असायचे. फक्त एका माणसाच्या बाबतीत रामभाऊंना हा फरक उभ्या आयुष्यात कळला नव्हता, आणि ती त्यांची स्वतःची मुलगी होती.

मृणाली उशिरा बोलायला लागली आणि बोलायला लागली ती अडखळतच. त्यातून 'म' आला की ओठ मिटायचे ते मिटूनच राहायचे. रामभाऊंनी हौसेनं पुस्तकात शोधून नाव ठेवलं होतं, ते नेमकं 'म'वरून. याचा दोष ते बावीस वर्षं स्वतःला देत होते आणि त्याची भरपाईही करत होते. पाहुण्यांनी "नाव काय गं तुझं?" म्हटलं की मागून रामभाऊ, "मृणाली." वाण्यानं "काय देऊ?" म्हटलं की रामभाऊ, "मीठ आणि मोहरी." पोरगी अडायच्या आत शब्द हजर.

"तुम्ही तिला तोंडच उघडू देत न्हाय," त्यांची बायको कमळ सुपारी सोलता सोलता म्हणायची. "गाय दूध द्यायच्या आधीच तुम्ही चहा ओतताय."

"अगं, लोक हसतात तिला."

"हसू देत की. दात दुखले की गप बसतील."

मृणालीनं फार्मसीचा डिप्लोमा पुरा केला. त्यातल्या तोंडी परीक्षांना बाप आत जाऊ शकत नव्हता, म्हणजे ती तिथं आपली आपणच बोलली असणार. पण हे रामभाऊंच्या फार उशिरा लक्षात आलं. त्याआधी माणगावची गोष्ट घडून गेली.

माणगावला हमरस्त्यावर एका मोठ्या औषधांच्या दुकानात जागा होती. मुलाखतीला रामभाऊ तिच्यासोबत गेले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मालकानं विचारलं, "डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर काय करशील?"

मृणालीचे ओठ मिटले. रामभाऊ म्हणाले, "डॉक्टरांना फोन करील. अंदाजानं औषध देणार नाही."

"आणि गिऱ्हाईक भांडायला लागलं तर?"

"शांतपणे समजावील. तिचा स्वभाव फार शांत आहे."

मालकानं पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. हसूनच म्हणाला, "काका, काउंटरला उद्यापासून तुम्ही उभे राहता का? उत्तरं चांगली देता." मग मृणालीकडे बघून म्हणाला, "जागा मी पंधरा-वीस दिवस धरून ठेवतो. तुमचा उत्सव झाला की त्या सोमवारी ये. पण एकटी ये."

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. म्हसळा गेलं तरी हात मांडीवर स्वस्थ. रामभाऊंनी तिला शेंगदाण्याची पुडी घेतली, तीही तिनं फोडली नाही.

त्याच आठवड्यात देवळात नाटकाची बैठक झाली. मंडळाची सगळी नाटकं कै. भागोजी मास्तरांनी लिहिलेली, हातानं लिहिलेल्या वह्यांत जपलेली. नायिका मात्र बाहेरगावाहून आणायची पद्धत होती. ती नाटकाच्या दिवशी सकाळी यायची आणि दुसऱ्या दिवशी जायची. सदा रिक्षा चालवायचा आणि मंडळाची नाटकंही तोच बसवायचा. तो म्हणाला, "यंदा गावातली पोरगी घेऊ या. मुंबईवाली बाय येतेय, तालमी न्हाय काय न्हाय, आणि निकेतला दादा म्हणायचं तिथं नाथ म्हणते. कोण करतंय सगुणाचं काम?"

बायकांच्या घोळक्यातून एक हात वर झाला. रामभाऊंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अरे सदा, तिला ते..." त्यांनी सुरुवात केली.

"करते मी," मृणाली म्हणाली. बापाचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं झालं होतं. असं पहिल्यांदाच घडत होतं.

नाटकातली सगुणा ही समुद्रावर गेलेला नवरा परत न आलेली बाई. दीर तिला माहेरी धाडून तिची नारळाची वाडी घ्यायला बघतात. पंच बसतात. सासरचे बोलतात, माहेरचे बोलतात, तिला कोणी विचारत नाही. शेवटी तिसऱ्या अंकात एक म्हातारा पंच म्हणतो, "अरे, तिला तर विचारा." तेव्हा ती बोलते, आणि पान-दीड पान बोलते. त्या भाषणाचं पहिलंच वाक्य होतं, 'मला विचारलंत, बरं केलंत.'

रामभाऊंनी वही वाचली आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. सगुणाचं काम 'म'नं भरलेलं होतं. मला, माझं, माहेर, मालक, मरण. भागोजी मास्तरांना दुसरं अक्षरच सापडलं नव्हतं जणू. मग या गरीब माणसानं आयुष्यातली सगळ्यात मोठी चोरी केली. दोन दुपारी वही घेऊन बसले, पेन्सिलनं एकेक जागा बदलली. 'माहेर' तिथं 'वडिलांचं घर'. 'मालक' तिथं 'धनी'. 'मला विचारलंत, बरं केलंत' तिथं 'विचारलंत, बरं केलंत'. एकवीस जागा. भागोजी मास्तरांची त्यांनी मनातल्या मनात एकवीस वेळा क्षमा मागितली.

चौथ्या दिवशी तालमीहून आल्यावर मृणालीनं वही त्यांच्यापुढे ठेवली. "बाबा, हे कोणी केलं?"

रामभाऊ पुस्तकात डोकं घालून बसले.

"अक्षर तुमचं आहे. 'धनी'मधला 'ध' तुम्हीच असा काढता."

"वाक्य सोपं व्हावं म्हणून गं. अर्थ तोच राहतो."

"खोडरबर आणा." ती खाली बसली. एकेक जागा खोडून तिनं जुना शब्द पुन्हा लिहिला. एकवीस जागा पुऱ्या होईपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग म्हणाली, "आणि एक. नाटकात माझं वाक्य तुम्ही द्यायचं नाही. बाकीच्यांचं द्या. माझं नाही."

"आणि अडलीस तर?"

"तर अडेन."

"सगळं गाव समोर असेल, पोरी."

"माणगावला कोणी नव्हतं समोर. तुम्ही आणि तो मालक. तिथंही मी अडलेच की." ती जरा थांबली. की अडली, ते रामभाऊंना कळलं नाही. त्यांनी नेहमीसारखं तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला. "तिसरा अंक मी एकटीनं काढला तर सोमवारी माणगावला एकटी जाईन. नाही निघाला तर जाणार नाही, आणि पुन्हा विषयही काढणार नाही. कबूल?"

रामभाऊंनी मान हलवली. कमळनं आतून ओरडून विचारलं, "तोंडानं बोला की. कबूल हाय का न्हाय?"

"कबूल," रामभाऊ म्हणाले. तोंडून शब्द गेला, पण खुद्द त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता.

नाटकाच्या दिवशी दुपारी बोर्लीहून जलीलभाई मांडव आणि आवाजाचं सामान घेऊन आले. रामभाऊंच्याच वयाचे, पंधरा वर्षं दुबईला काढून आलेले. रंगमंचाच्या कडेनं चार बारके माईक लावून ते म्हणाले, "रामभाऊ, यंदा माल नवीन आहे. पोराने कुवेतहून पाठवलाय. जपून हं. विंगेत खोकलात तरी दिघीच्या जेट्टीपर्यंत ऐकू जाईल."

"मग मी बोलू कसा?"

"बोलू नका. वल्लाह, एक वर्ष आराम करा."

दहाला कर्णे बंद करायचे म्हणून नाटक सातलाच सुरू झालं. रामभाऊंनी स्टूल विंगेत जरा मागं ओढून घेतलं. पहिला अंक हातवाऱ्यांवर निभावला. निकेतनं दोनदा मान खाजवली, दोन्ही वेळा त्यांनी बोटांनी खूण करून त्याला वाटेवर आणलं. मृणालीच्या वाक्यांना ते वहीतून वर बघतच नव्हते. बघितलं की ओठ हलत. एकदा 'माहेर'वर ती क्षणभर अडली, पण निघाली. दुसऱ्या अंकात 'मालक' तीनदा आला, तीनदा निघाली. रामभाऊंच्या सदऱ्याची पाठ घामानं ओली झाली होती.

तिसरा अंक उघडला. पंच रंगमंचाच्या डाव्या अंगाला बसलेले, रामभाऊंच्या विंगेला लागूनच. सासरचे भांडले, माहेरचे भांडले. म्हातारा पंच झालेला सदा म्हणाला, "अरे, तिला तर विचारा."

मृणाली पुढे आली. पंचांकडे, म्हणजे रामभाऊंच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. तिचे ओठ मिटले.

एक क्षण गेला. दोन गेले. पटांगणात कोणाचं तरी मूल रडलं आणि गप्प झालं. रामभाऊ तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. अडली? थांबली? हात स्वस्थ होते. पण हात काय, ती एसटीतही हात स्वस्थ ठेवूनच बसली होती. सदानं उपरणं सारखं केलं. पाच क्षण झाले असतील. रामभाऊंना ती बावीस वर्षं वाटली. आणि मग वचन, माईक, जलीलभाई, सगळं विसरून त्यांच्या तोंडून ते निघून गेलंच.

"मला विचारलंत..."

अडतीस वर्षं पहिल्या रांगेलाही ऐकू न गेलेली ती कुजबुज चारी कर्ण्यांतून घोंगावत पटांगणभर गेली. माणसं चमकली. मागून कोणीतरी खुदकन हसलं. रामभाऊंच्या हातातली बॅटरी खाली पडली. झालं, ते मनात म्हणाले. मीच बुडवली.

मृणाली सरळ त्यांच्याकडे बघत होती. पंचांच्या डोक्यावरून, विंगेतल्या अंधारात.

"थांबा," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण कुवेतच्या माईकनं तोही सगळीकडे नेला. हसणारा गप्प झाला.

"इतकी वर्षं तुम्हीच बोललात. आता जरा दम धरा." हे भागोजी मास्तरांच्या वहीत कुठेही नव्हतं. सदानं आ वासला, पण तो पंचानं वासला तरी चालण्यासारखा होता.

मग ती पुन्हा गप्प राहिली. मिटलेल्या ओठांनी तिनं सगळ्या पंचांवरून एकेक करून नजर फिरवली. आता कोणालाही घाई नव्हती. "म..." ती म्हणाली, तो 'म' तिथंच राहिला, लांबला, आणि सारं पटांगण त्याच्यासोबत वाट बघत बसलं. "मला विचारलंत. बरं केलंत. आजवर कोणी विचारलं नव्हतं."

रामभाऊंनी वही मिटली. खाली पडलेली बॅटरी चाचपून उचलली आणि बंद केली. मग ते अडतीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट करून बसले. विंगेच्या मागच्या फळीवरून खाली उतरले आणि मांडवाला वळसा घालून पुढे, जलीलभाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"तुम्ही इथं?" जलीलभाई दचकले. "मग आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"या अल्ला! आणि तो निकेत?"

रामभाऊंना निकेतची आठवणच राहिली नव्हती. ते समोर बघत होते. मुलीचा चेहरा त्यांनी आजवर बाजूनं पाहिला होता, शेजारच्या खुर्चीतून, विंगेतून. समोरून ती कमळसारखी दिसत होती. पान-दीड पान ती बोलली. दोन ठिकाणी अडली, तेव्हा लोक तिच्यासोबत थांबले, आणि निघाली तेव्हा तिच्यासोबत निघाले. रामभाऊंना वहीत बघावंसंही वाटलं नाही. वही काखेत होती.

शेवटच्या प्रवेशात व्हायचं ते झालं. दीर झालेल्या निकेतनं मान खाजवली. विंगेकडे पाहिलं. विंग रिकामी. पुन्हा खाजवली.

"आता बोंबला," जलीलभाई म्हणाले.

मृणालीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग चुलीपाशी वाकत, घरातलंच काही विचारावं तसं म्हणाली, "दादा, तुम्ही वाडीची किल्ली द्यायला आलात ना? मग देता ना?"

"हां!" निकेत जिवानिशी सुटला. "ही घे किल्ली, वहिनी. आजपासून वाडी तुझी." पडदा पडला. जलीलभाईंनी टेबलावर थाप मारली. "घ्या! रामभाऊ, तुमची नोकरी गेली."

रामभाऊ हसले. मोठ्यानं हसायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते हसणं खोकल्यासारखं निघालं.

माणसं पांगत असताना शेजारच्या नलूआत्या मृणालीचा हात धरून म्हणत होत्या, "गो, तो कर्ण्यातून आवाज आला ना, मला विचारलंत म्हणून, तो तुझ्या बुडालेल्या नवऱ्याचा ना? काटा आला बघ अंगावर. आणि तू त्याला थांबा म्हटलंस! बरं केलंस. मेल्यावर पण बोलतात मेले."

मृणालीनं बापाकडे पाहिलं. रामभाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

घरी जाताना कमळ सतरंजी घेऊन पुढे चालत होती. रामभाऊ मागं राहिले, मृणालीही. तिनं तोंडावरचा रंग पुसला होता, कानामागं तेवढा अजून होता.

"चुकलं माझं," रामभाऊ म्हणाले. "वचन मोडलं. तिसरा अंक तू एकटीनं काढलास असं म्हणता यायचं नाही, माझ्यामुळे. पण तो धरायचा. धरशील ना?"

तिनं कानामागचा रंग बोटानं पुसला.

"एक सांग. तू अडली होतीस, की थांबली होतीस?"

तिनं विचार केला. "आधी अडले," ती म्हणाली. "मग म्हटलं, अडलेच आहे तर थांबते." थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही बोललात ते बरंच झालं. तुम्हाला थांबा म्हणायचं किती दिवस मनात होतं. घरात जमत नव्हतं."

सोमवारी ती सहाच्या गाडीनं गेली. स्टँडवर येऊ नका म्हणाली, म्हणून रामभाऊ फाटकापर्यंत गेले आणि तिथून परत आले. मग अंगणात कमळसोबत सुपारी सोलायला बसले. सोलताना दोनदा बोट कापलं.

"तुम्ही पुस्तक वाचा बघू," कमळ म्हणाली. "सुपारी लाल व्हायला लागली."

साडेअकराला फोन वाजला. रामभाऊंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"बाबा," पलीकडून मृणाली म्हणाली. मागून हमरस्त्यावरच्या ट्रकचा आवाज येत होता. "म..."

आणि पुढे काही नाही. नुसते ट्रक.

रामभाऊंना कितीतरी शब्द सुचले. मालक नाही म्हणाला. मालक भेटलाच नाही. माझं चुकलं. मला घ्यायला या. सगळे 'म'चे, सगळे जिभेवर तयार. त्यांनी दात आवळले.

"काय झालं?" कमळनं हात पुढे केला. "बोलत का न्हाय ती? द्या इकडं. काय गं, काय झालं..."

रामभाऊंनी फोन तिच्यापासून लांब धरला आणि मोकळा हात वर केला.

"थांब," ते म्हणाले. "तिला बोलू दे."

कमळ नवऱ्याकडे बघतच राहिली. अंगणातल्या सुपारीवर कावळा येऊन बसला, त्यालाही कोणी हाकललं नाही.

"मला घेतलं," पलीकडून आवाज आला. "एक तारखेपासून. आणि बाबा, त्यानं विचारलं, काका नाही आले? मी सांगितलं, ते आता प्रेक्षकांत बसतात."